म्हातारीच्या जागी टर्बो

२ मार्च २०२५, रविवार
आजपासून डायरी. ठेकेदाराने सगळ्यांना एकेक दिली. माझ्या खोलीतला सुरज तिच्या पानांत चपात्या गुंडाळतो. मी लिहिणार. आठवीतनं शाळा सुटली म्हणून काय झालं, बिझनेसवाली माणसं सगळं लिहून ठेवतात.
निश्चय तीन. तंबाखू बंद. रोज पाच इंग्रजी शब्द पाठ. जीपला टर्बो.

३ मार्च
काल जीपचं नीट लिहिलं नाही. मी इथं कच्छात पवनचक्क्यांच्या साइटवर पाण्याचा टँकर चालवतो, पण मी ड्रायव्हर नाही, हे तात्पुरतं आहे. घर मावळात, डोंगरावरच्या वाडीत. तिथं बाची जीप आहे, फोर बाय फोर, माझ्यापेक्षा वयानं मोठी. वाडीतनं डांबरीवर यायचं तर खिंडीचा चढ चढावा लागतो. लाल माती. जीप सोडून तिथं कुठलंच चाक चढत नाही. जीपसुद्धा अशी चढते की शेजारनं चालणारा माणूस पुढं निघून जातो. बा तिच्या इंजिनाला म्हातारी म्हणतो. खोकते, धूर सोडते, पोचते.
यात बिझनेस नाही. लोणावळ्याला शनिवार-रविवारी पुण्यामुंबईची पोरं ऑफरोडिंगला येतात. त्यांना गाडीला पिकअप पाहिजे. मोबाईलवर बघितलं, तसल्या जुन्या गाडीत टर्बो डिझेल बसवतात. व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे. म्हणजे फार अवघड नसणार.

९ मार्च, रविवार
घरी फोन. वाडीत रेंज एकाच दगडावर येते, त्यामुळे सगळे त्याच्यावर चढून बोलतात. बा म्हणाला, "आरं, म्हातारी काय मेलीय का? जित्या इंजिनाला कशाला हात लावतो?"
बाला बिझनेस कळत नाही.
करणदादा म्हणाला, "उम्या, हर्षीचं होऊंदे. मग काय उलटंपालटं करायचं ते कर. जूनमधी आमाला गाडी लागंल."
हर्षदा वहिनीला जूनच्या मध्याची तारीख दिलीय. पहिलं पोर माहेरी झालं, डोंगरातच, राहिलं नाही. डॉक्टरीण म्हणालीय, आता घरी अजिबात नको. मी सांगितलं, दादा, एप्रिलच्या आत गाडी दारात. उलट वहिनीच पहिली पॅसेंजर.
दादा म्हणाला, बघ बाबा. म्हणजे पटलं.

२१ मार्च
दादाने जीप तळेगावला सत्यम मिस्त्रीच्या गॅरेजवर पोचवली. म्हातारीच्या जोरावरच गेली, हे तिचं शेवटचं काम. सत्यमने ॲक्सिडेंटमधल्या गाडीचं टर्बो इंजिन शोधलंय. फोटो पाठवला. पुसून घेतल्यावर चकाचक दिसतं.
भंगारवाला जुनं इंजिन एक्सचेंजमध्ये घेतो. बाने निरोप पाठवला, म्हातारीला ताडपत्रीत गुंडाळून घरी आणा. मी सत्यमला सांगितलं, देऊन टाक. मागचं धरून बसलं की माणूस पुढं जात नाही.
इंग्रजी शब्द आज नाहीत. पण टॉर्क, बूस्ट, इंटरकूलर हे इंग्रजीच आहेत. धरले.

६ एप्रिल, रविवार
सत्यम मामाच्या गावच्या जत्रेला गेलाय. इंजिन बाहेर, जीप विटांवर. चांगलं आहे, घाईत काम बिघडतं.
सीट कव्हर ऑर्डर केलं. काळं, लाल दोऱ्याची शिलाई, वॉटरप्रूफ. बॉनेटसाठी स्टिकरपण. मोठ्या अक्षरांत, मावळ टर्बो, खाली वाघाचं तोंड. सुरज म्हणाला, "इंजिन बसंना आणि वाघ बसला." सुरज बेगडेवाडीचा. त्याच्या दारातनं रेल्वे जाते, त्याला चढ काय माहीत.
तंबाखू दोन वेळा. टेन्शन होतं.

१३ एप्रिल
वाडीत आक्काबाईला विंचू चावला. जीप नाही म्हणून पाठकुळी घेऊन खिंड चढवली आणि खाली नेली. वाचली. बा फोनवर लय बोलला. मी शांतपणे सांगितलं, बघ, गाडीवाचून अडलं का? त्यावर तो दगडावरून खाली उतरला म्हणून फोन कट झाला की त्याने मुद्दाम कट केला, कळलं नाही.

२२ एप्रिल
सत्यमचा व्हिडिओ कॉल. आवाज पडलेला. टर्बो इंजिनाच्या पोटाखाली ऑइलचा डबा असतो, त्याला चेंबर म्हणतात. ते चेंबर जीपच्या पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलवर टेकतंय. "उमेशभाऊ, खड्ड्यात गाडी आपटली की चेंबर फुटणार. ऑइल गेलं की इंजिन गेलं." अकरा मिनिटांच्या व्हिडिओत हे नव्हतं.
सत्यम म्हणाला दोन रस्ते. एक, इंजिन चार बोटं वर उचलायचं. पण मग बॉनेट बसणार नाही, त्याला मधोमध भोक पाडून वर डबा वेल्ड करायचा. दुसरा, पुढचा फोर बाय फोरचा, मधी गिअरचा गोळा असलेला एक्सल काढून साधा पाइपासारखा एक्सल टाकायचा. तो खाली राहतो. पण मग पुढची चाकं ओढणार नाहीत. नुसती मागची.
विचार करून सांगतो म्हणालो.

२३ एप्रिल
विचार केला. स्टिकर कालच तळेगावात पोचलाय. बरोब्बर बॉनेटच्या मधोमध बसतो. वाघाच्या तोंडाला भोक पाडून बिझनेस होत नाही, कस्टमर आधी लुक बघतो.
शिवाय टर्बोची ताकद म्हातारीच्या दुप्पट. दुप्पट ताकद दोन चाकांना दिली काय आणि साधी ताकद चार चाकांना दिली काय, हिशोब एकच. हे मी टँकर चालवताना काढलं. शाळेत असतो तर गुरुजींनी पाठ थोपटली असती.
सत्यमला कळवलं, साधा एक्सल. तो म्हणाला, "भाऊ, पावसात तुमचा रस्ता..." मी म्हणालो, पावसाळ्यात सीझन नसतो.
घरी सांगितलं नाही. टेक्निकल आहे, त्यांना नुसता घोर लागेल.

४ मे, रविवार
रेडिएटर छोटा पडला, मोठा बसवला. मग पंखा त्याला घासायला लागला. पंखा बदलला. आता कागदावर इंजिनाचा नंबर वेगळा, गाडीवरचा वेगळा. आरटीओचं पावसाळ्यानंतर बघू. साइटवर सगळ्यांना सांगून ठेवलंय, दिवाळीला राजीनामा. ठेकेदार म्हणाला, बरं.

११ मे, रविवार
आजचा दिवस डायरीत लाल पेनाने लिहायला पाहिजे होता, पण लाल पेन नाही.
जीप खिंड चढली! दादाने चालवली. व्हिडिओ पाठवला. धुरळाच धुरळा आणि त्यातनं वाघ वर येतोय. म्हातारीला लागायचा त्याच्या निम्मा वेळपण लागला नाही. वाडीतली पोरं मागं पळत होती. बा पण होता, हात मागं बांधून. त्याने वाकून पुढच्या चाकांच्या मधी बघितलं आणि विचारलं, "पुढला गोळा कुटं गेला रं?"
म्हाताऱ्याची नजर कमी झालीय असं सगळे म्हणतात.
मी दादाला सांगितलं, नवीन मॉडेलमध्ये तो नसतो.

१४ मे
ठरलं असं होतं की वहिनीने उद्यापासून खाली नवलाख उंबरे गावात आत्याकडं जाऊन राहायचं. तिथनं दवाखाना जवळ, रिक्षा दारात येते. बाळंतपण झाल्यावरच वर यायचं. बोचकं बांधून तयार.
मी थांबवलं. दुसरं बाळंतपण सासरचं. आत्याच्या एका खोलीत दीड महिना पाय आखडून कशाला, तिची सून आधीच तोंड वाकडं करते. दारात टर्बो उभा असताना! अर्ध्या तासात डांबरी. वहिनीशी पण बोललो. ती म्हणाली, "नक्की ना भावजी? मला लय भ्या वाटतं हो पावसाचं." मी म्हणालो, वहिनी, तुमच्यासाठीच वॉटरप्रूफ कव्हर घेतलंय.
हसली. बोचकं सोडलं.
घरच्यांसाठी आपण लांब राहून पण किती करतो, हे लिहून ठेवलं पाहिजे म्हणून लिहिलं.

२६ मे
मे महिन्यातच धो धो पाऊस, बातम्यांत दाखवतायत. इथं कच्छात ऊन. दादाचा फोन दोन दिवस नाही. दगड ओला असेल, चढता येत नसेल.
पाऊस दोन आठवडे आधी आला, याला माझा काही इलाज नाही.

२९ मे, सकाळी
दादाचा फोन. पावसाच्या आवाजात ओरडत होता. वहिनीला पहाटेपासून कळा. तारखेच्या आधीच. "गाडी काढतूय."
मी घाबरलो नाही. सूचना दिल्या. टर्बो दोन हजार आरपीएमच्या वर उठतो, रेस कमी करू नको, खिंडीला लांबनं पळवत आण.
तो म्हणाला, "पळवू कुटनं? चिखुल हाय गुडघाभर. पुढचं ओढंल ना रं? म्हातारी असती तर..." कट झाला.
ओढेल.

२९ मे, दुपारी
फोन लागत नाही. बरोबर आहे, दवाखान्यात फोन बंद करायला लावतात. म्हणजे पोचले.
कॅन्टीनवाल्याकडनं पेढे आणवले. सगळ्या कॅम्पात वाटले. सुरजने विचारलं, "फोन आला?" मी म्हणालो, येईल. त्याने पेढा हातात धरला, खाल्ला नाही. खिशात कागदात ठेवला. जळतो.

२९ मे, संध्याकाळी
फोन नाही. टँकर एकदा जास्त फिरवला, रेंज त्या बाजूला चांगली आहे म्हणून. मुलगी झाली तर नाव मी ठेवणार, कबूल करून घेतलं होतं.

३० मे
दादाने आत्याच्या घरून फोन केला.
जीप खिंडीच्या पहिल्याच वळणाला बसली. मागची चाकं जागेवर फिरायला लागली, जितकी रेस दिली तितकी खाली गेली. पुढची नुसती चिखलात तिरपी होऊन उभी. मग मागची बाजू घसरून चरीत. वाडीतल्या माणसांनी ढकललं, फांद्या घातल्या, सगळं केलं. बा चिखलात आडवा पडून गाडीखाली बघून आला आणि म्हणाला, "नगा ढकलू. पुढं काय न्हाईच हितं."
मग पान्याने मागची सीट नव्या कव्हरसकट खोलली. दोन बांबू बांधले आणि वहिनीला तिच्यावर निजवून खिंड चढवली. डांबरीवर यायला दुपार टळून गेली. दवाखान्यात डॉक्टरीण तयार होती. मुलगी होती. होती एवढंच.
वहिनी वाचली. रक्त चढवतायत.
दादाला मी टायरचं सांगितलं. मागचे टायर जुने होते, नवीन बटणाचे, खोल खाचांचे असते तर निघाली असती. दादा म्हणाला, "पुढला एक्सल तू काढाया लावला. सत्यमनं सांगितलं मला." मी म्हणालो, चेंबर टेकत होतं. तो म्हणाला, दुसरा बी रस्ता होता म्हणं. बॉनेटला भोक पाडायचा.
मी म्हणालो, हॅलो, हॅलो, आवाज येत नाही.
आवाज येत होता.

३१ मे
टायरच.

१ जून, रविवार
सुट्टी मागितली. ठेकेदार म्हणाला, दिवाळीला राजीनामा देणार होतास ना, आत्ताच दे. मी म्हणालो, तसं काही अर्जंट नाही.
सुरजने त्या दिवशीचा पेढा परत आणून माझ्या उशाशी ठेवला.

५ जून
सत्यमला फोन केला. म्हातारी परत मिळेल का विचारलं. तो म्हणाला, भंगारवाल्याने कधीच फोडली, भाऊ. लोखंड वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं.
विचारायला काय जातं.

८ जून, रविवार
आज दगडावरनं फोन आला. बा होता. वहिनीला वर आणलं, म्हणाला. मी म्हणालो, कशी आणली? म्हणाला, "नेली तशीच."
जीप अजून चरीतच आहे. पाणी तिच्यातनं वाहतं. वाघ दिसतो का मी विचारलं नाही. सीट मात्र परत बसवणार नाहीत. वाडीने ठरवलं, ती बांबूला बांधलेलीच ठेवायची, देवळात आढ्याला टांगून. परवा श्रीपती आबाचा पाय मोडला, त्याला पण तिच्यावरच नेलं.
मग दादा फोनवर आला. मला विचारायचं होतं, पोरीला कुठं माती दिली. तिचं तोंड कुणासारखं होतं, तेपण. तोंडातनं निघालं, दादा, सीट कव्हर फाटलं का रे?
पावसाचा आवाज येत होता.
दादा म्हणाला, "न्हाई. हर्षीनं धुतलं."