कामाताच्या वाट्याला एक शब्द

मी, खाली सही-शिक्का करणारा कुसाका इवाओ, वय एकोणऐंशी, धंदा तातामीच्या गवती चटया शिवण्याचा (आता बंद), राहणार आमागासाकी, बाजारगल्लीच्या मागची आळी, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या दाबाखाली न येता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ज्या माणसाने उभा जन्म नानिवा सारस या बेसबॉल संघासाठी कर्णा फुंकण्यात घालवला, त्याची बुद्धी ठिकाणावर कशी, असे माझा जावई विचारतो. तो राजधानीच्या संघाचा आहे. त्याचे म्हणणे या कामी ग्राह्य धरू नये.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते या लेखाने रद्द समजावे. त्यात सातवे कलम असे होते: "तोफूवाला कामाता हेइसुके याला माझ्या मालमत्तेतील काडीही देऊ नये, माझ्या अंत्यविधीला बोलावू नये, आणि आलाच तर त्याच्यापुढे चहा ठेवू नये." बाकीची कलमे थोड्याफार फरकाने तशीच राहतील. बदलायचे आहे ते हे सातवे. त्यासाठीच हा खटाटोप. घाई अशासाठी की डॉक्टर पानगळीच्या पुढचे काही बोलायला तयार नाहीत.

आधी एक खुलासा. या लेखात एक शब्द कुठेही येणार नाही. हंगामाच्या शेवटी पहिल्या आलेल्या संघाला जे मिळते, त्याला आमच्या उजव्या स्टँडात नुसते ‘ते’ म्हणतात. शेवटचा गडी बाद होईपर्यंत त्याचे नाव तोंडातून काढायचे नाही. काढले की नाट लागते. ओनुकी वकीलबाई म्हणाल्या, "आजोबा, कायद्याच्या कागदात ‘ते’ चालत नाही. काय ते स्पष्ट लिहा."

मी म्हटले, "बाई, उद्या सामना आहे. एवढा जिंकला की ‘ते’ आपलं. तुम्हाला स्पष्टच हवं असेल तर परवा या."

त्यांनी चष्मा पुसला आणि ‘ते’च राहू दिले. त्यांचे माहेर इथलेच आहे.

कलम एक. राहते घर, खालच्या दुकानासह, माझी एकुलती मुलगी चिझुरु हिला मिळावे. जावई मोरिओ याला तिच्यासोबत इथे राहण्याची मुभा आहे. राजधानीच्या संघाचा निळा झेंडा, निळा टॉवेल, निळी टोपी यांपैकी काहीही रस्त्याकडच्या खिडकीत दिसता कामा नये. टीव्हीवर त्याने आपल्या संघाचा सामना खुशाल बघावा, पण आवाज बंद करून. हे लिहिताना मला हेही लिहिले पाहिजे की या पावसाळ्यात मला जिने उतरवेनात, तेव्हा इस्पितळात न्यायला याच माणसाने मला पाठुंगळी घेतले. अंगात निळा सदरा होता. मी डोळे मिटून घेतले होते. जावई चांगला आहे. संघ निवडताना चुकला, एवढेच.

कलम दोन. बँकेत जे आहे ते चिझुरुचे. त्यातून अंत्यविधी करावा आणि देवळातून माझे मरणोत्तर नाव घ्यावे. त्या नावात ‘सारस’ असावा, असे मी शुनगाकु भटजींना सांगून ठेवले आहे. ते म्हणाले, "सारस शुभच असतो. घालू की."

"आणि त्याच्यापुढे ‘अजिंक्य’ घाला," मी म्हटले.

"कुसाकासान, तळापासून दुसरा आलेला संघ अजिंक्य?"

"ते गेल्या वर्षी. यंदाचं बघा."

"नाव दगडावर कोरायचं असतं हो. दरवर्षी बदलता येत नाही."

माणूस विचारी आहे. ‘अजिंक्य’चा आग्रह मी मागे घेतो.

कलम तीन. माझी हत्यारे, म्हणजे रुंद पात्याचा सुरा, लांब सुया, आणि टाका आवळताना कोपराला बांधायचे चामडे, इतामीच्या ओगाता तातामीवाल्या बाईंना द्यावीत. चामड्यावर माझ्या कोपराचा खड्डा पडला आहे, तो त्यांना थोडा मोठा होईल. आळीतल्या न्हाव्याने घरात लाकडी फरशी घालून माझ्या हातच्या बारा चटया रस्त्यावर टाकल्या आणि वर सारस संघाबद्दल "हे आता संपले" असे म्हणाला. त्याला काही नाही. तो गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून असली वाक्ये बोलतो, म्हणून मी इतकी वर्षे घरीच दाढी केली.

कलम चार. कपाटातल्या खालच्या खणात एक पांढरा बनियन आहे. सारस सलग जिंकू लागले की मी तो घालत असे आणि ते हरेपर्यंत धुवायला टाकत नसे. एका उन्हाळ्यात ते जिंकतच राहिले. तेव्हा माझी पत्नी फुमिए हिने माझे अंथरूण खाली दुकानात टाकले. "अहो, संघ जिंकतोय म्हणून घरादारानं नाक धरून जगायचं का?" पुढच्या सामन्यात ते हरले, तर वरून जिन्यातून साबण आला. हा बनियन माझ्यासोबत शवपेटीत ठेवावा. मात्र धुऊन ठेवावा. फुमिएला भेटायचे आहे.

कलम पाच. कर्णा उजव्या स्टँडच्या वाजंत्री मंडळाला द्यावा. आमच्याकडे प्रत्येक फलंदाजाची स्वतःची धून असते आणि तो मैदानात उतरला की ती वाजते. निवामोतो नावाचा एक राखीव फलंदाज होता. त्याला कोणी धून दिली नव्हती, कारण तो उतरायचाच क्वचित आणि परतायचा लगेच. फुमिए म्हणाली, "बिचाऱ्यानं काय निःशब्द चालत यायचं?" तिने भांडी घासताना गुणगुणून त्याची धून बांधली. तो मैदानाबाहेर कधी फटका मारू शकला नाही, पण धून अख्ख्या स्टँडात सगळ्यात गोड होती. माझी पेटी उचलतील तेव्हा तीच वाजवावी. सावकाश वाजवू नये. ती धून चालत येणाऱ्या माणसाची आहे.

कलम सात. (सहावे नाही. सातवे सातव्याच जागी यावे, एवढाच हेतू. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.)

कामाता हेइसुके आणि मी तरुणपणापासून उजव्या स्टँडात उभे राहत आलो. त्याचा ढोल पायऱ्यांशी, मी त्याच्या पुढे कर्णा घेऊन, आणि फुमिए बाकावर आमच्या डब्यांची राखण करीत. चिझुरु तान्ही होती त्या वर्षी सारसांना ‘ते’ मिळाले. कामाताने मला खांद्यावर घेऊन पुलापर्यंत नाचवले, आणि तिथून आम्ही दोघे मिळून कालव्यात पडलो. त्यानंतर ‘ते’ पुन्हा कधी मिळालेले नाही.

फुमिएच्या आजारपणात मात्र फार जवळ आले होते. हंगामाचा शेवटचा सामना होता आणि तो जिंकला की झाले. इस्पितळाने तिला संध्याकाळपुरते सोडले होते. आठवा डाव संपला, आम्ही एका धावेने पुढे होतो, आणि तिची परत जायची वेळ झाली. चिझुरु तेव्हा कॉलेजात होती. तिने आईला हाताला धरून उठवले. जाता जाता फुमिएने माझी बाही ओढली.

"अहो, एकदा म्हणा ना. ऐकून जाते."

"काय म्हणू?"

"तेच हो. आपल्याला मिळालं म्हणून."

"गप्प बस. अजून त्यांचे तीन गडी बाद व्हायचेत. नाट लावायचीय का?"

ती हसली आणि पायऱ्या चढू लागली. मी मैदानाकडे वळलो. थोड्या वेळाने मागून कामाताचा आवाज आला. त्याने तो शब्द उच्चारला. पुरा, खणखणीत, दोन्ही हात वर करून. उजवा स्टँड जागच्या जागी गार पडला. एक म्हातारे गृहस्थ कान झाकून खाली बसले.

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात त्यांचे दोन गडी बाद झाले. त्यानंतरचा चेंडू उंच चढला, आमच्या खेळाडूच्या हातात अलगद येऊन बसला, आणि निसटला. त्यावर त्यांनी दोन धावा काढल्या आणि आम्ही हरलो. नव्या वर्षाचा भात शिजायच्या आत फुमिएही गेली.

तेव्हापासून मी कामाताशी बोललेलो नाही. स्टँड मात्र दोघांनीही सोडला नाही. ढोलावाचून कर्णा आणि कर्ण्यावाचून ढोल काय कामाचा? मध्ये झेंडेवाला उभा असे, त्याच्यामार्फत सगळे चाले. "त्यांना सांगा, ढोल पुढे पळतोय." "त्यांना सांगा, ढोल जागेवर आहे, फुप्फुसं म्हातारी झालीत." तीन झेंडेवाले या कामाला कंटाळून डाव्या स्टँडात गेले. तोफू मी लांबच्या दुकानातून आणून खाल्ला. तो रबरासारखा लागतो.

या उन्हाळ्यात मी जुने मृत्युपत्र चिझुरुला वाचून दाखवले. सातवे कलम आले तसा तिने हातातला पेला खाली ठेवला.

"बाबा, कामाताकाकांना आईनं सांगितलं होतं म्हणायला."

"काय?"

"तुम्ही तिला गप्प बस म्हणालात. मग पायऱ्यांवर ती काकांजवळ थांबली. म्हणाली, ‘भावजी, तुम्ही तरी म्हणा. पुढच्या हंगामाला मी नाही.’ काकांनी ढोलाची काठी खाली ठेवली. मग दोन्ही हात वर करून म्हणाले."

"तिला कळलं होतं का, आपण हरलो ते?"

"टॅक्सीत झोपली होती. सकाळी मी सांगितलं. तर म्हणते, ‘असू दे गं. मी ऐकलं ना.’"

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तेव्हाच सांगणार होते. आईच्या दिवसांना काकांनी मला दारात अडवलं. म्हणाले, ‘पोरी, बोलू नकोस. त्याला माझ्यावर चिडू दे, माझी कातडी जाड आहे. तो स्वतःवर चिडला तर मोडून जाईल.’"

या कलमात मी माफी मागतो आहे, असा अर्थ कोणी काढू नये. नियम तो नियम. आज तीच वेळ आली तरी मी फुमिएला गप्प बस असेच म्हणेन, कारण मला दुसरे काही म्हणता येत नाही. पण मला जे देता आले नाही ते तिला कामाताने दिले, आणि त्यापायी माझा अबोला इतकी वर्षे मुकाट सोसला. माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभे राहून सोसला. हे कळल्यापासून मला जेवण जात नाही. त्याचा दोष डॉक्टर औषधांना देतात.

तरी लिहून ठेवतो की, सारसांना ‘ते’ मिळेल त्या दिवशी, मग तो उद्या असो की मी गेल्यानंतर कितीही वर्षांनी, कामाता हेइसुके याने माझ्या घरी यावे. चिझुरुने दार उघडावे आणि चहा ठेवावा. देव्हाऱ्यात फुमिएची तसबीर आहे, उद्या-परवा शेजारी माझीही येईल. कामाताने आमच्यासमोर बसून तो शब्द म्हणावा, त्या दिवशी म्हणाला होता तेवढ्याच मोठ्याने. हा शब्द मी चाळीसेक वर्षे तोंडात धरून ठेवला आहे, तेव्हा तो माझा आहे आणि द्यायचा अधिकारही माझा आहे. त्याच्याआधी या घरात तो दुसऱ्या कोणी उच्चारू नये. जावयाने तर नाहीच. कामाताच हयात नसेल तर त्याच्या मुलाने यावे, आवाज बापाचाच आहे. शेजाऱ्यांनी तक्रार करू नये. फुमिएने हा शब्द एकदा उधारीवर ऐकला आहे. आता तिला तो रोख ऐकू दे.

याखेरीज कामाताला काहीही नाही. कर्णा त्यालाच द्यावा असे मनात होते, पण वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला मालमत्तेतलं काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही."

"शब्द ही मालमत्ता का?"

त्यांनी कायद्याचे पुस्तक चाळले. "नाही. शब्द मालमत्ता नाही."

"मग झालं तर. दुसरा साक्षीदार तो. चिझुरु, दुकानात जाऊन ये. म्हणावं, सहीसाठी बोलावलंय."

येथवर लिहिले ते मी स्वतः वाचून पाहिले. अक्षर वाकडे आहे, मजकूर सरळ आहे. यात माझ्या पश्चात कोणी कमीजास्त करू नये.

ठिकाण: आमागासाकी, राहत्या घरी.
दिनांक: रेइवा शकाचे सहावे वर्ष (२०२४), सप्टेंबर २७. सारसांना आणखी एक विजय हवा.

कुसाका इवाओ (सही व शिक्का)

साक्षीदार १: शुनगाकु, देवळाचे भटजी (सही व शिक्का)
साक्षीदार २: कामाता हेइसुके, तोफूचे दुकान (सही व शिक्का)

सह्यांनंतरची नोंद, माझ्याच हातची: साक्षीदार क्रमांक दोन दुकान उघडे टाकून आले. पायात गमबूट, हातात पाण्यात ठेवलेली तोफूची वडी. सातवे कलम त्यांनी उभ्यानेच वाचले, मग बसून पुन्हा वाचले. सही केली, शिक्का उमटवला आणि माझ्या शेजारी बसून चहा घेतला. मी म्हणालो, "कामाता."

त्याने घाईघाईने तोंडावर बोट ठेवले. उद्याचा सामना अजून व्हायचा आहे.