वेल नसलेली डांगरं

२९ सप्टें., रवि.
ऋजुता सकाळीच मोबाइल नाचवत आली. "आई, भोपळ्याचं शेत! अमेरिकेत सगळ्या फॅमिलीज जातात ऑक्टोबरमध्ये. आता आपल्या मोडनिंबजवळ निघालंय." सूनबाईंना कोण सांगणार, की या घरातली माणसं तीस वर्षं नवरात्रातल्या रविवारी वैरागला माझ्या भावाच्या रानात डांगर, म्हणजे हाच लाल भोपळा, आणायला जात होती. अमेरिकेला न विचारता. तीही पाच-सहा वेळा आली होती. पण अण्णाच्या रानात फोटोसाठी गवताच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या नसतात.
पुढच्या रविवारचं बुकिंग झालं म्हणे. रानात जायला बुकिंग!

३ ऑक्टो., गुरु.
घट बसले. अण्णाचा फोन नाही.
दरवर्षी पहिल्या माळेला यायचा. "बेबी, डांगरं वाट बघाय लागल्यात. कवा येताय?" मी साठी ओलांडली तरी त्याची बेबीच. बाबांनी मला इथे कॉन्व्हेंटात घातलं नि त्याला रानात ठेवलं. त्याने कधी बोलून दाखवलं नाही.
गेल्या वर्षी ऐन रविवारी मंदारची मीटिंग निघाली, ऋ.ची पाठ धरली. चिरंजिवांना दामटायचं कशाला, म्हणून मीच फोन केला. "अण्णा, यंदा राहू दे. इथे मंडईत मिळतं की डांगर. फोडी करूनसुद्धा देतात." वहिनी पहाटेपासून शेंगापोळ्या लाटत होती, हे नंतर कळलं.
अण्णा एवढंच म्हणाला, "मंग मंडईतलंच खावा."
भाऊबीजेला आला नाही. यंदा राखी पोस्टाने पाठवली. पोचली की नाही, कळवलं नाही.
'फोडी करूनसुद्धा.' इंग्रजी शाळेत एवढं शिकून हे बोलले मी.

६ ऑक्टो., रवि.
जाऊन आलो. लिहून टाकते, नाहीतर पोटात सलत राहील.
दारात मनगटाला कागदी पट्टी. आत एक बुजगावणं, अंगात चौकड्यांचा नवा शर्ट, डोक्यावर हॅट. इतका नीटनेटका शेतकरी मी जन्मात पाहिला नाही. नांगरलेली जमीन नि तिच्यावर ओळीने डांगरं, एकेक हात अंतर सोडून. आमच्या सिस्टर पीटीला उभं करायच्या तशी. वेल नाही, पान नाही, अंगाला खाजणारी लव नाही. चिखल तर नाहीच.
मॅनेजरला विचारलं, "वेल कुठे आहेत?"
"काढले मॅडम. मुलांच्या पायात येतात."
डांगराच्या रानातून वेल काढला! उद्या विहिरीतून पाणीही काढतील, मुलं भिजतात म्हणून.
ऋ. कुजबुजली, "आई, प्लीज. एन्जॉय करा ना."
झाडणारी बाई पदरात हसत होती. मला म्हणाली, "काल टेंपोनं आनून मांडल्यात बाई. पोरास्नी तोडाय दितेत म्हनं. त्यात तोडायचं काय, निस्तं उचलायचं."
"आणली कुठून?"
"वैरागकडनं की."
तेवढ्यात ईरा ओरडली, "आजी, याच्यावर माझं नाव!"

अण्णाची पद्धत. श्रावणात डांगर मुठीएवढं असताना बाभळीच्या काट्याने सालीवर एकेका पोराचं नाव ओरखडायचं. डांगर फुगतं तशी अक्षरंही फुगतात, त्यांच्यावर खरबरीत खपली धरते. नवरात्रात पोरांनी वेलात घुसून आपापलं शोधायचं. मंदार लहानपणी पायाला काटे लागले तरी बाहेर यायचा नाही. माझंही एक असायचं.
आणि हे अण्णाचंच अक्षर. 'ई'वरचा रफार तो विसरतो नि मागाहून कडेला देतो. ईराच्या जन्मापासून दर साली तसाच.
म्हणजे रुसून बसलेल्या माणसाने श्रावणात पोरीचं नाव कोरलं होतं.
मॅनेजर धावत आला. "सॉरी मॅडम, तो पीस डॅमेज आहे. दुसरा घ्या."
डॅमेज! त्याच्याकडे नुसतं पाहिलं. डांगर मांडीवर घेऊन गाडीत बसले. त्याआधी सगळ्या ओळी धुंडाळल्या. 'बेबी' कुठे दिसलं नाही. ऋ.ला माझी लाज वाटत होती. वाटू दे.

७ ऑक्टो., सोम.
सकाळपासून एकच. अण्णाने आपल्या हाताने ते टेंपोत टाकलं, की व्यापाऱ्याच्या माणसांनी सगळ्या ढिगाबरोबर उचललं? टाकलं असेल तर आमचं संपलं. आणि नसेल तर तो आत्ता रानात ते शोधत असेल.
मंदार म्हणाला, "मामानंच विकलं असणार. तू कशाला मनाला लावून घेतेस?" मग जरा वेळाने, "माझंही असायचं ना गं असं?"
आठवलं म्हणायचं.

९ ऑक्टो., बुध.
ऋ.ने व्हिडिओ पाहून ठरवलं की डांगराला डोळे नि दात कोरायचे, आत दिवा लावायचा. नवरात्रात भूत! मी म्हटलं, "आधी माझ्यावर सुरी चालव." तिने मंदारला बोलावलं. हा शहाणा, "मग मी कापतो, घारगे तरी कर."
आमच्यात अख्ख्या डांगरावर पहिला घाव बाईमाणूस घालत नाही. मूर्ख रीत आहे, मला ठाऊक आहे. पण पहिला घाव कायम अण्णाने घातलाय, वैरागच्या ओट्यावर, विळ्याने. मीटिंगवाल्याच्या हातची सुरी मी काढून घेतली.
डांगर माझ्या खोलीत आणून ठेवलं.

१० ऑक्टो., गुरु.
फोन केला. चार वेळा ठेवून पाचव्यांदा.
वहिनीने घेतला. "हायत की हितंच. देते."
अण्णाने फोन घेतला. मीच बोलत सुटले. मोडनिंब, टेंपो, ईराचं नाव. माझं चुकलं म्हणायचं होतं, ते राहिलं. बुजगावण्याच्या हॅटबद्दल सांगत बसले.
अण्णाने विचारलं, "देठ हाय का त्येला?"
"आहे. चार बोटं."
"मंग टिकंल. लगी कापाय नगं."
माझं नाव यंदा कोरलं होतंस का, विचारणार होते. मागून वहिनी म्हणत होती, "आवो, नीट बोला की भनीसंगं!" आणि फोन बंद. त्याने ठेवला की रेंज गेली, कोण जाणे.
उद्या नवमी. घारग्यांसाठी मंडईतून फोडी आणता येतील. बार्शीची सकाळची गाडी वैरागला थांबते.
डांगर पिशवीत घातलं. बाहेर काढलं. पुन्हा घातलंय.