पळायला दिलेलं घड्याळ

गोरेगाव, फेब्रुवारी २००५

भागवतमामा,

पोलीस भरतीसाठी पळताना वेळ बघायला तुम्ही घड्याळ दिलंत. मी त्यावर फक्त नाडी मोजते. दुसऱ्या फेरीला छाती धडधडली की थांबते, मनगट धरते आणि आकडा बघून आणखी घाबरते. दोन डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून हृदय बराबर असल्याचं सांगितलं, तरी पटत नाही. घरात पहिली शिकले ती मी, आणि घाबरतेही मीच. वीट आलाय स्वतःचा.

आज आई सरपणाचा भारा घेऊन चढ चढून आली. तिची नाडी मोजली, तर एकशे बेचाळीस. माझ्याहून जास्त.

"आई, खाली बस."

"काहून?"

"तुझं काळीज लई जोरात पळून राहिलंय."

"ओझं आणल्यावर पळंलच ते. मी बसले तर सैपाक तुझा मामा करंल का?"

तुम्हाला वाचता येत नाही; हे पत्र तुम्ही बाळापुरात कुणाकडून तरी वाचून घ्याल आणि माझं घाबरणं त्यालाही कळेल, म्हणून टपालात टाकणार नाही.

सोमवारी तीन किलोमीटर पळायचं आहे. घड्याळ आईच्या हातात बांधून जाईन. तिला ते वाचता येत नाही, म्हणून तिच्याकडेच बरं.

तुमची भाची,
उज्ज्वला