तिसऱ्या पावलाची वाट

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (तुझ्या गुडघ्याला वेगळा, ऑपरेशन होईपर्यंत तरी घरात त्याचाच मान मोठा.) डॉक्टरांनी काठी घेऊन चालायला सांगितलं आणि तू आईची काढलीस, हे भाच्याकडून कळलं. ती फरशीवर घसरते, असंही तो म्हणाला. जपून.

माझ्यावर मात्र खुर्चीने घोर अन्याय केला. तिचे तीन पाय एकमताचे, चौथा कायम विरोधी पक्षात. मी सूर लिहिला की ती डावीकडे कलणार, खोडला की उजवीकडे. घरमालकांकडे रीतसर तक्रार केली, तर म्हणाले, तुम्ही जे लिहिता त्याला ही खुर्ची पुरे आहे. शेवटी चौथ्या पायाला एक रबरी बूच बसवलं. आता खुर्ची स्थिर आहे, मी नाही.

कारण ऐक. चार तंतुवाद्यांसाठी नवी रचना लिहून झाली. (तीच ती, समकालीन शास्त्रीय, जिच्या मैफलीत श्रोत्यांपेक्षा खुर्च्या जास्त असतात.) आयोजकांना कार्यक्रमपत्रिकेसाठी माझ्यावरचे 'प्रभाव' हवे होते. मी दोन पानं भरली: पूर्वसूरी, गणित, शांतता, समुद्र. समुद्र मी एकदाच पाहिला, आणि तेव्हाही आपण दोघं माझी हरवलेली चप्पल शोधत होतो.

तालमीत संथ भाग काही केल्या उभा राहीना. त्यात दोन ठोके येतात आणि तिसरा रेंगाळून येतो. चौघं बिनचूक वाजवत होते आणि हजेरी घेतल्यासारखं ऐकू येत होतं. चेलो वाजवणाऱ्या बाईंनी (वयाने माझ्याहून मोठ्या, तोंडाने तुझ्याएवढ्या) विचारलं, तिसरा उशिरा का? मी ताण, अवकाश, भंगलेली लय असं बरंच बोललो. तेवढ्यात व्हायोलिनवाल्याचा डबा खाऊन झाला. बाईंनी गज मांडीवर ठेवला.

"ते राहू द्या. कोण चालतंय, तेवढं सांगा."

ताई, आई चालत होती.

काठी, एक पाय, आणि मग ओढत येणारा दुसरा. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंतचा तो पॅसेज. आपण इकडे औषधांवरून नाहीतर विजेच्या बिलावरून कडाकडा भांडत असायचो आणि काठी वाजली की गप्प व्हायचो. तिसरं पडेपर्यंत तू श्वास धरायचीस, मी तुझ्या तोंडाकडे बघायचो. पडलं की पुन्हा भांडण, सोडलं होतं तिथूनच. इतके महिने पूर्वसूरींच्या नावावर खपवत होतो, ते हे.

चौघांना सांगितलं. कुणी हसलं नाही. आता ते तिसऱ्यासाठी थांबतात, पण किती थांबायचं ते मला सांगता येत नाही. लांबलं की नाटक होतं, लवकर आलं की आई एकदम तरुण होते. रोज थोडं थोडं विसरतो आहे मी. आणि ते कागदावर उतरवायची खूण आमच्या विद्येत नाही.

बाकी ठीक. भाच्याला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. गुरुवारी तालमीला ये. गेल्या वेळी तू मधेच टाळ्या वाजवल्यास आणि संपलं असं मनापासून वाटलं म्हणालीस, ते मी विसरलेलो नाही, तरी ये. भाचा गाडीने आणेल, त्याला पटवलं आहे. संगीत ऐकायची सक्ती नाही. फक्त बाईंच्या समोर बसायचं. दोन ठोके पडले की तू श्वास धरशीलच. तू सोडलास की त्या तिसरा वाजवतील. त्यांचीच कल्पना.

ता. क. २. ती दोन पानं फाडली. 'प्रभाव' याखाली आईचं चालणं आणि ताईचं गप्प होणं, एवढंच छापायला दिलं आहे. आयोजक विचारत होते, समुद्र कुठे गेला.

ता. क. ३. आईच्या काठीचं बूच खुर्चीच्या पायातून काढून पाकिटात घातलं आहे. नीट दाबून बसव. इथे अक्षर जरा हललं आहे, ते चालवून घे.