पहिल्या अकरा कसोट्या

प्रिय कप्तान,

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि तू गच्चीत खुर्ची टाकून बसून राहतोस, अशी वहिनींची तक्रार आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला मध्येच तोडतोस आणि मी 'हो हो' म्हणून मोकळा होतो. आज सकाळी निवड समितीची बैठक होती. तिच्याबद्दल शेवटी लिहितो. आधी थोडं मागचं.

परवा टीव्हीवर एका तरुण समालोचकाने माझे आकडे काढले. दीडशे बळी, सरासरी ३०.१०. 'चांगला होता, थोर नाही,' असा निकाल दिला. मग त्यानेच गंमत म्हणून माझ्या पहिल्या अकरा कसोट्या बाजूला काढल्या, तर सरासरी थेट सव्वीसवर आली. शेजारी बसलेला म्हणाला, "बाप रे, हा तर मोठा गोलंदाज होता की!" त्या अकरा सामन्यांत माझे बळी पंधरा, आणि प्रत्येकामागे सदुसष्ट धावा. बायकोने चिडून टीव्ही बंद केला. मी चहा पीत होतो. मला राग वगैरे आला नाही. दुसऱ्याच कुणाबद्दल तरी बोलतायत असं वाटत होतं.

आणखी एक बळी मिळाला असता तरी मी तिसाच्या आत आलो असतो, हे तुला माहीत आहेच. सहाव्या कसोटीत पहिल्या स्लिपमध्ये तू सोडलेला तो झेल! पोटात आलेला चेंडू तू असा खाली ठेवलास, जणू झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतोयस. दरवर्षी माझ्या वाढदिवसाला तू त्याबद्दल माफी मागतोस आणि वर पार्टीही माझ्याकडूनच उकळतोस.

पण त्या अकरा सामन्यांचं कारण झेल नव्हता. क्लबच्या खेळपट्ट्यांवर मी चेंडू आपटला की फलंदाज मागे सरकायचे. मला वाटलं, सगळीकडे असंच असतं. कसोटीतले फलंदाज मागे सरकले, पण घाबरून नव्हे. जागा करून घ्यायचे आणि मला पॉइंटमधून चौकार मारायचे. तू स्लिपमधून दर चेंडूला ओरडायचास, "पुढे टाक रे शिडी, पुढे!" पुढे टाकायला जावं तर माझ्या डोक्यावरून षटकार. पाचव्या कसोटीनंतर तू नेटमध्ये तुझा एक बूट काढून टप्प्यावर ठेवलास आणि म्हणालास, "हा फाटेपर्यंत टाकायचं." बूट काही फाटला नाही, पण अंधार पडल्यावर तो कुणालाच सापडेना आणि तू एका पायात मोजा घालून हॉटेलच्या लिफ्टमध्ये शिरलास. लिफ्टमधली बाई तुझ्याकडे आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती मी विसरलेलो नाही.

सगळे म्हणत होते, याला काढा. पेपरवाले म्हणत होते, प्रशिक्षक म्हणत होते, माझा सासराही म्हणत होता. तू प्रत्येक बैठकीत माझ्यासाठी भांडलास. अकराव्या कसोटीनंतर त्यांनी मला ठेवलं आणि तुझं कप्तानपद काढलं. बाराव्या कसोटीत चेंडू आपसूक त्या बुटाच्या जागी पडायला लागला आणि पहिल्याच डावात सहा बळी मिळाले. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'नव्या कप्तानाचा विश्वास सार्थ'. तू स्लिपमध्ये उभा होतास. त्यातले दोन झेल तर तुझेच. ड्रेसिंग रूममध्ये तू माझ्या पाठीत एक धपाटा घातलास आणि आंघोळीला गेलास. या विषयावर आपण आजतागायत बोललेलो नाही.

हे सगळं लोकांना अर्धवट माहीत आहे. म्हणूनच मी निवड समितीचा अध्यक्ष झालो तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की नव्या वेगवान गोलंदाजांना आता हक्काचा वकील मिळाला. मलाही तसंच वाटत होतं. पण माझ्यासोबतच पदार्पण केलेला आपला डावखुरा गोलंदाज आठवतो? त्यालाही तू तसंच सांभाळलंस. तीच माया, तेवढीच संधी. त्याचे हात आखडत गेले. शेवटी तर नेटमध्येसुद्धा चेंडू सुटेना. आता तो मैदानाच्या रस्त्यानेही जात नाही. त्याची सरासरी कुणी टीव्हीवर काढत नाही. ज्यांच्या बाबतीत जमून गेलं तेवढ्यांचेच आकडे चघळले जातात, आणि त्यांना दिलेल्या संधीलाच आपण संयम म्हणतो. मला सामन्याच्या आदल्या दिवशी अन्न जायचं नाही, सकाळी बाथरूमचा नळ सोडून मी ओकायचो. मी त्यातून निघालो, तो नाही निघाला. का, ते मला आजही सांगता येत नाही.

आज बैठकीत एका गोलंदाजाचा विषय होता. चार कसोट्या, तीन बळी. दोघे म्हणाले ठेवा, दोघे म्हणाले काढा, आणि मग चौघेही माझ्याकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, "साहेब, तुमचंच उदाहरण समोर आहे." मी त्या पोराला गेले दोन महिने सीमारेषेबाहेरून बघतोय. प्रत्येक चेंडूनंतर तो आधी धावफलकाकडे बघतो, मग रनअपकडे वळतो. जो काही सांगेल ते ऐकतो. प्रशिक्षकाने सांगितलं म्हणून रनअप कमी केला, समालोचक बोलला म्हणून मनगट बदललं. वेग गेला. फिजिओ म्हणतो, त्याला झोप येत नाही. त्याला फलंदाज बाद करायचाच नाहीये कप्तान, त्याला फक्त संघातून बाहेर जायचं नाहीये. त्याच्या आडनावाचं ओझं मी खांद्यावर घेऊ शकत नाही. एवढंच करू शकतो की काही दिवस कॅमेऱ्यांपासून लांब, लहान मैदानांवर त्याला त्याच्या मनासारखी गोलंदाजी करू द्यावी. मी 'काढा' म्हणालो. मला सांभाळायला तू स्वतःची खुर्ची घालवलीस, आणि तुझ्या मुलाला मी पाचवी कसोटीही दिली नाही. माझं चुकलंही असेल. पुढचा एखादा समालोचक माझ्या नावाने खडे फोडेल आणि त्याचं बरोबरही असेल. तू दोन शिव्या दे, चार दे, फोन बंद ठेव, मी समजून घेईन. पण ही बातमी तुला टीव्हीवरून कळू नये, म्हणून ड्रायव्हरला हे पत्र घेऊन तुझ्याकडे धाडतोय. संघ दुपारी जाहीर होईल. पोर अजून हॉटेलच्या खोलीत आहे, त्याला काही माहीत नाही. मी आता तिकडेच निघालोय. त्याला मी सांगतो. वहिनींना तू सांग.

तुझाच,
शिडी