पाठ अजून बरी नाही

अक्का,

तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला मला जरा थांबावं लागतं. हात मात्र लगेच आठवतात. रुंद पंजे, मुळापर्यंत कापलेली नखं आणि बाहेरच्या बाजूला वाकलेला उजवा अंगठा. सगळं कॉटनपेट तुला अक्का म्हणायचं, म्हणून पोटची पोर असून मीही अक्काच म्हणत आले. दुखरी अंगं रगडून द्यायची हा तुझा धंदा. दुपारची जेवणं उरकली की बायका यायच्या. कुणाची गिरणीत उभं राहून कंबर धरलेली, कुणाची रेशीम उकलून मान आखडलेली. तू स्वयंपाकघरातच चटई टाकून त्यांना पालथं झोपवायचीस. चुलीच्या कडेला एरंडेल कोमट होत असायचं. वरवर चोळणं तुला मंजूर नव्हतं. "नुसतं तेल लावायला तुझी पोरगी पुरे की, माझ्याकडं कशाला आलीस?" असं तू तोंडावर सांगायचीस. आधी तळहातानं मांस सैल करायचीस, मग गाठीवर अंगठा ठेवून हळूहळू भार द्यायचीस, आणि दुखणं फारच मुरलेलं असलं तर कोपर. बाई विव्हळली तरी अंगठा उचलायचा नाही, तिचा श्वास सुटेपर्यंत तिथंच थांबायचं. "सुम्मने, गप पडून राहा," म्हणायचीस, आणि थोड्या वेळानं आतलं घट्ट खरंच सुटायचं.

तुझा पहिला राग मला त्याच चटईपाशी आला. समोरच्या घरातली एक बाई नवऱ्याचा पगार झाला की दुसऱ्या दिवशी हमखास यायची. पाठीवर काळेनिळे वळ असायचे. तू वळ सोडून बाजूचं रगडायचीस, काही विचारायची नाहीस, आणि संध्याकाळच्या आत तिला चालती करून घरी धाडायचीस. मी तेव्हा लग्नाची होते, तोंडाळ होते. म्हटलं, परत मार खायलाच ना? तू हात पुसत म्हणालीस, "बाईला उभं करायचं एवढंच आपलं काम. पुढचं तिचं घर जाणे."

मग पहिल्या बाळंतपणाला मीच सासरहून, राजाजीनगरातून, तुझ्याकडे आले. तिकडे तेव्हा नुकती कुठं घरं उठत होती. सासऱ्यांचं नवंकोरं घर बघून लोक म्हणायचे, पोरीनं नशीब काढलं. मी तुला काहीही सांगितलं नव्हतं. मुलगा झाला, अंगात थोडी ताकद आली, आणि तू मला त्या चटईवर घेतलंस. तुझा अंगठा डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली जातो आणि थांबतो. पुन्हा मानेपासून खाली येतो, पुन्हा तिथंच थांबतो.

"पाणी वाहून कंबर धरते," तू म्हणालीस. "ही गाठ पाण्याची नव्हे. खांदा असा वर चोरून कधीपासून राहतेस?"

मी उशीत तोंड खुपसलं.

"हातानं मारतो का कशानं?"

"हातानं," मी म्हटलं. "पट्ट्यानंही."

तू भार देत राहिलीस. मला वाटलं, झालं, आता मलाही बरी करून परत धाडणार. त्या दिवसापासून मला तुझ्या हातांची भीती बसली. पाठ रोज थोडी सैल व्हायची आणि मी रडायची. बरं होणं म्हणजे परत जाणं, एवढंच मला दिसत होतं.

सासरचे न्यायला आले तेव्हा तू दारातच सांगितलंस, "हिची पाठ अजून बरी नाही. आत्ता वजन उचललं तर कायमचं अंथरूण धरेल." पाठीच्या बाबतीत तुझ्याशी वाद कोण घालणार? सासूबाईंचे गुडघेसुद्धा तूच चोळून दिले होतेस. "सरी अक्का, असू दे, पुढच्या महिन्यात बघू," म्हणून ते गेले. पुढच्या महिन्यात तू तेच सांगितलंस, त्याच्या पुढच्याही. मग मला ती पाठ जगावी लागली. नळावर जायचं नाही, गल्लीत कंबरेवर हात ठेवून चालायचं, मुलाला घरात कडेवर घ्यायचं आणि कडी वाजली की खाली ठेवायचं. खरी उसण भरलेली बाई कुठला पाय आधी टाकते, हे तू मला चालून दाखवलंस. तेव्हा आपण दोघी पोट धरून हसलोही होतो.

मुलगा चांगला बोलायला लागला आणि सासूबाई आल्या. नवरा बाहेर घोड्याच्या जटक्यापाशीच थांबला. सासूबाई एकही वाकडा शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "अक्का, पाठ इतकी वाईट असंल तर पोराला ही कसं उचलणार? तिकडं मी आहे. हिला बरं वाटू दे, मग हीपण येईल." तू जे इतके दिवस सांगत आलीस तेच त्या तुला सांगत होत्या. मुलानं माझ्याकडे बघून हात वर केले. वाकून उचलायचं, एवढंच होतं. पण उचललं असतं तर पाठ बरी ठरली असती आणि मलाही जटक्यात बसावं लागलं असतं. मी वाकले नाही. तू शिकवलंस तशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. त्याला वाटलं माझं लक्ष नाही, म्हणून त्यानं पुन्हा हात वर केले. मग सासूबाईंनी त्याला उचललं.

तुझ्या दहाव्याला तो आला होता. मिसरूड फुटलेलं, उभं राहणं थेट बापासारखं. निघताना म्हणाला, "तुमची पाठ कशी आहे आता?" मी म्हटलं, "स्वल्प बरी आहे." तो मान हलवून निघून गेला. माझ्या पोटच्या पोरानं मला अहोजाहो केलं, याचा संतापसुद्धा मी तुझ्यावरच काढला. तू असताना तर किती वेळा ऐकवलं असेल, की थाप मारण्यापेक्षा खरं बोलून भांडली असतीस तर मूल राहिलं असतं. खरं सांगून त्या काळी आपलं कुणी ऐकलं नसतं, हे आता मला कळतं. तरी राग पुरता गेलेला नाही.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्याला नेलं त्या दुपारी मी जेवले नाही. मी रडत पडले असेन असं समजून तू खोलीचं दार लोटून घेतलंस. मी रडत नव्हते, अक्का. त्यांना हवं होतं ते मिळालं, आता मला न्यायला कुणी येणार नाही, हे मला कळून चुकलं होतं. मी पालथी पडले, खांदा आपोआप खाली आला आणि दिवेलागणीपर्यंत मला गाढ झोप लागली. लग्न झाल्यापासून इतकी चांगली झोप मला लागली नव्हती.