शेवटच्या पानावरचा मळ

२ मार्च
अठराव्या शतकात छापलेला चौघांसाठीचा संगीतसंच. तेव्हा प्रत्येक वाद्याची वही वेगळी छापत. दोन व्हायोलिनच्या आणि व्हायोलाची अशा तीन माझ्या कपाटात. चौथी, चेलोची, त्या दातवाल्या डॉक्टरकडे! लिलावात ऐन वेळी मला शिंक आली आणि या हरामखोराने हात वर केला. एकटी वही घेऊन काय लोणचं घालणार आहे?
संकल्प : फोन करायचा नाही. महिन्याभरात दाती तृण धरून येईल.

४ मार्च, सकाळी ९
फोन केला. फक्त खडसावायला. वही विकत नाही म्हणाला. वर विचारतो, तुमच्या वह्यांत पेन्सिलीने काही लिहिलंय का? माझ्या मालात खोट काढतो! फोन आपटला.

९.२०
पाहिलं. लिहिलंय. पानोपानी गिचमिड. कुठल्या दळभद्र्या वादकाने माझ्या वह्यांची ही दशा केली?

९ मार्च
मऊ खोडरबर आणला. दोन्ही व्हायोलिनच्या वह्या चकाचक. बायको म्हणाली, अहो, आधी वाचा तरी. मी म्हणालो, मळ वाचायचा नसतो. हिला संग्रहातलं काय कळतं? लग्नाआधी आठ वर्षं चेलो शिकली, तेवढंच. तो धोंडा अजून कपाटामागे उभा आहे, कपाट भिंतीला टेकत नाही.
संकल्प : चेलो विकणे.

१५ मार्च
व्हायोलाची वही सगळ्यात घाण. शेवटच्या पानावर एकच शब्द, दाबून लिहिलेला, खाली दोन रेघा. घासून घासून बोट सुजलं. गेला एकदाचा!

२२ मार्च
दातवाला घरी आला! वही घेऊन! फुकट देतो म्हणाला. तृण नव्हतं, बिस्किटांचा पुडा होता. चालेल.
अट एकच, चारही वह्या शेजारी ठेवून वाचायच्या. त्याच्या वहीत चेलोवाल्याने व्हायोलावालीला पेन्सिलीने लिहिलं होतं, 'माझ्याशी लग्न करशील? उत्तर तुझ्या शेवटच्या पानावर लिही.' उत्तर काय असेल या विचाराने लिलावापासून चैन नाही, म्हणाला.
मी व्हायोलाची वही उघडली. शेवटचं पान. स्वच्छ.
तो ओरडला असता तर मलाही ओरडता आलं असतं. वही टेबलावर ठेवून गेला. बिस्किटंही ठेवून गेला.

२३ मार्च, सकाळी
संच पूर्ण झाला! सगळी चूक त्याची. फोनवर नीट सांगायला काय दातखीळ बसली होती?
संकल्प : घरात या विषयावर चर्चा नाही.

दुपारी
बायकोने विचारलं, शब्द लहान होता की मोठा? आठवत नाही म्हणालो. खाली दोन रेघा होत्या, एवढं सांगितलं.
मग नकारच असेल, म्हणाली. वर म्हणाली, तुम्ही मागणी घातलीत तेव्हा मीही दोन रेघा ओढायला हव्या होत्या.
तिने कपाटामागून चेलो काढला, चेलोची वही घेतली, खोलीला आतून कडी लावली. तासभर वाजवते आहे. बरं वाजवते. मला माहीत नव्हतं.
कपाट आता भिंतीला टेकतं.